लग्न मोडलं, चित्र पाहिलं

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आमच्या कॉलनीत तीन प्रश्न विचारतात. नायगारा पाहिला का? थंडी किती होती? आणि तिकडे भाजी कशी मिळते? पहिल्याच प्रश्नाला मी 'नाही' म्हणते, आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. नागपूरला येऊन दीक्षाभूमी न बघता परत गेलेल्या पाहुण्याकडे आपण बघतो, तसं माझ्याकडे बघतात.

"मग पाहिलं काय एवढे दिवस?"

"एक बाई पाहिली. कागदावरची. खडूनं काढलेली."

यानंतर लोक भाजीच्या प्रश्नाकडे वळतात. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

खरं तर आम्ही निघालो होतो लग्नाला. माझी मुलगी प्रज्ञा न्यू जर्सीत पिस्कॅटवेला असते, तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करते. नवरा मुलगा अनिरुद्ध, मूळचा पुण्याचा, तिथेच नोकरीला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. आम्ही त्याला व्हिडिओ कॉलवर पाहिलं होतं आणि प्रज्ञाचे बाबा तर एका कॉलमध्येच विरघळले होते. "पोरगा मोठ्या मनाचा आहे," असं त्यांनी आमच्या अख्ख्या लाइनीत सांगून टाकलं. तिकिटं झाली, साड्यांना पिको झाला, आणि निघायला तीनेक आठवडे राहिले असताना प्रज्ञाचा फोन आला. "आई, लग्न मोडलं. आत्ता काही विचारू नको."

तिच्या बाबांनी आपलं तिकीट रद्द केलं. "माझ्याच्यानं तिचा उतरलेला चेहरा पाहवणार नाही," म्हणाले आणि कूलरच्या पंख्यात अडकलेली कावळ्याची पिसं काढायला गच्चीवर निघून गेले. हा माणूस दुःख झालं की कूलर दुरुस्त करतो. मी मात्र जायचं ठरवलं. आणि माझी नणंद शकुताई? तिला तर कोणी विचारायची सोयच नव्हती.

"लग्न नाही तं नाही," ती म्हणाली, "अमेरिका तं तिथंच आहे ना?"

शकुताई म्हणजे सरकारी दवाखान्याच्या बाळंतीण वॉर्डातून सिस्टर म्हणून रिटायर झालेली बाई. स्वतः लग्न केलं नाही, पण इतरांच्या लग्नांचे परिणाम तिनं जन्मभर हातात झेलले, पुसले आणि दुपट्यात गुंडाळून नातेवाइकांच्या हवाली केले. आवाज असा की कुजबुजली तरी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाची आया धावत यावी. तो आवाज पुढे या प्रवासात फार उपयोगी पडला.

पिस्कॅटवे

प्रज्ञा सोफ्यावर होती. म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा होती, दुसऱ्या दिवशी होती आणि आठवडाभर होती. अंगावर ब्लँकेट, केस विस्कटलेले, नजर खिडकीबाहेरच्या पार्किंगवर. विचारलं की "आय अॅम ओके आई" एवढंच.

आणि दारावर सतत टकटक. वरच्या मजल्यावरच्या सुलभाकाकू डबा घेऊन यायच्या. विद्यापीठातली मुलं डबा घेऊन यायची. शिरा, पुलाव, वांग्याची भाजी, कुणाच्या आईनं पाठवलेला चिवडा. सगळे दबक्या आवाजात बोलायचे, प्रज्ञाच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि जाताना मला दारात गाठून म्हणायचे, "कसा निघाला ना तो मुलगा! चांगला वाटला होता." मीही मान हलवायचे.

"घरात मयत झाल्यासारखं चाललंय," शकुताई पुलाव वाढून घेत म्हणाली. "पण जेवण चांगलं आहे."

मग एका सकाळी प्रज्ञाच्या फोनवर काहीतरी वाजलं. तिनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आई, हॉल कॅन्सल केला, केटरर कॅन्सल केला, सगळं कॅन्सल केलं. एक गोष्ट राहूनच गेली."

ती गोष्ट माझ्यासाठी होती. लग्नानंतर मला भेट म्हणून तिनं एका म्युझियममध्ये एक चित्र बघायची वेळ घेऊन ठेवली होती.

हे चित्र काय, ते सांगायला हवं. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. त्याआधी नागपुरात मी चित्रकलेचा डिप्लोमा करत होते, तेव्हा आमच्या सरांकडे एक जाडजूड परदेशी पुस्तक होतं. त्यात पोस्टकार्डाएवढं, करड्या शाईत छापलेलं एक रेखाटन होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा युरोपीय चित्रकारानं, त्या काळच्या एका दीर्घकवितेतली नायिका काळ्या खडूनं काढलेली. तळ्याच्या काठाशी पाण्यात उभी, वाऱ्यानं केस उडालेले, एक हात लव्हाळ्यात. सर तिच्या गालावर बोट ठेवून म्हणायचे, "हा अश्रू बघा. काढलाय का त्यानं? नाही. पण दिसतोय ना?" आम्ही सगळ्या श्वास रोखून तो अश्रू बघायचो. पुढे तोच अश्रू मी माझ्या विद्यार्थिनींच्या किती बॅचेसना दाखवला, त्याला गणती नाही. मूळ चित्र अमेरिकेत एका कॉलेजच्या म्युझियममध्ये आहे, हे प्रज्ञानं शोधून काढलं होतं.

"पण आई," ती जरा थांबून म्हणाली, "तिची स्टोरी माहितीये ना तुला?"

मला माहीत नव्हती. सरांनाही नसावी.

"तिचा होणारा नवरा तिला तळ्याकाठी वाट बघायला सांगून जातो आणि दुसरीकडे लग्न करतो. ती वाट बघता बघता तळ्यात जीव देते."

मी जीभ चावली. "मग राहू दे गं. पुन्हा कधीतरी."

प्रज्ञा ब्लँकेटमधून पाय बाहेर काढत म्हणाली, "नाही, जाऊ या. माझ्यापेक्षा वाईट हालत असलेलं कोणीतरी बघायचंय मला."

उत्तरेकडे

ते म्युझियमचं गाव मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ भागात. कॉलेज, चर्च, एक मोठा रस्ता आणि चारी बाजूंनी झाडी, एवढंच गाव. प्रज्ञा ड्राइव्ह करत होती, मी शेजारी, मागे शकुताई आणि तिची ती प्रसिद्ध पर्स. तिच्यात थर्मामीटरपासून लाल तिखटाच्या डबीपर्यंत सर्व काही असतं.

ऑक्टोबरातली तिकडची झाडं मी फोटोत पाहिली होती आणि फोटोवाल्यांनी रंग वाढवले असतील असं समजत होते. वाढवलेले नव्हते. आपल्याकडे पळस फुलतो तेव्हा आधी पानं गाळून मोकळा होतो, मग पेटतो. इथली झाडं पानांसकटच पेटतात. डोंगरच्या डोंगर केशरी, तांबडे, हळदीचे. मी काचेला नाक लावून बसले होते. शकुताईनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे सगळं पुढच्या महिन्यात झाडावं लागेल कोणाले तरी."

तिनंच मग रस्त्याकडेच्या एका सफरचंदाच्या बागेची पाटी पाहून "थांब थांब थांब!" अशी हाक मारली. प्रज्ञानं दचकून गाडी भलत्याच फाट्याला घातली आणि आम्ही भरपूर भटकलो. पण त्या भटकण्यात आम्हाला सफरचंदाच्या रसात मळलेले गरम डोनट मिळाले. आपल्या बालुशाहीचा हा अमेरिकेत शिकायला गेलेला पुतण्या. कागदी पिशवीला तूपकट डाग पडलेले, वर दालचिनी आणि साखर. पाहता पाहता प्रज्ञानं दोन खाल्ले. मी शकुताईकडे पाहिलं, शकुताईनं माझ्याकडे. बोललो कोणीच नाही. पोरगी खात असली की आपण बोलू नये, हा दवाखान्याचा नियम आहे.

दुपारी एका साध्याशा खानावळीत शिंपल्यांचं दुधाळ सूप मागवलं. शकुताईनं एक चमचा घेतला, पर्स उघडली आणि सूप लालभडक केलं. वाढणारी मुलगी कुतूहलानं बघत होती. "ट्राय?" शकुताईनं विचारलं. त्या बिचारीनं बोटाच्या टोकावर तिखट घेतलं, जिभेला लावलं आणि डोळ्यांतून पाणी काढत आत पळाली. आम्हाला वाटलं, आता मॅनेजर येणार. आला तो आचारी. हातात रिकामी वाटी घेऊन, थोडं मिळेल का म्हणून विचारायला.

बार्बराबाईंच्या घरी

म्युझियमची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची होती, म्हणून दोन रात्रींपुरती एका घरात खोली घेतली होती. तिकडे एकट्या-दुकट्या म्हाताऱ्या बायका आपल्या घरातल्या खोल्या अशा पाहुण्यांना देतात आणि सकाळी नाश्ताही करून घालतात. आमच्या यजमानीण बार्बराबाई सत्तरीच्या, केस आखूड पांढरे, पायांत रबरी बूट. पलंगावर इतक्या उशा, की झोपायचं कुठे ते कळेना. आपल्याकडे उशी डोक्याखाली घेतात. इथे उशा पलंगावर राहतात आणि माणसानं त्यांच्या सवडीनं जागा मागून घ्यायची. आम्ही त्या सगळ्या कोपऱ्यात रचल्या, तर शकुताई म्हणाली, "धान्याची पोती दिसून राहिली."

सकाळी बार्बराबाईंनी जाड जाड गोड धिरडी वाढली आणि वरून मेपलच्या झाडाचा पाक ओतला. काकवीच ती, फक्त उसाऐवजी झाडाची. मला फार आवडली.

"कसली ट्रिप?" बार्बराबाईंनी सहज विचारलं. "काही सेलिब्रेट करताय?"

प्रज्ञा ताटलीकडे बघत राहिली. मी वाक्य जुळवत होते, तेवढ्यात शकुताईनं तिच्या दवाखानी इंग्रजीत जाहीर केलं, "मॅरेज. कॅन्सल. हर."

बार्बराबाईंनी पाकाची सुरई खाली ठेवली, प्रज्ञाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मी दोन कॅन्सल केली होती. तिसरं करायला हवं होतं, पण आईनं केक आणून ठेवला होता."

प्रज्ञाचे ओठ जरासे हलले. हसू म्हणता येणार नाही. पण नंतर विचार करताना लक्षात आलं, बार्बराबाई म्हणाल्या होत्या 'केली', 'झाली' नव्हे. आणि ते ऐकून प्रज्ञा त्यांच्याकडे जरा जास्तच टक लावून बघत होती.

चित्र

असली चित्रं भिंतीवर टांगून ठेवत नाहीत. उजेडानं कागद खराब होतो. ती पेट्यांत असतात, आणि वेळ घेऊन गेलं की एका खोलीत आणून दाखवतात. आधी हात धुवायचे, पर्स बाहेर ठेवायची, पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. शकुताईला पर्स सोडून जाताना माहेर सुटल्यासारखं झालं.

खोली सांभाळणाऱ्या बाईंचं नाव रूथ. उंच, बारीक, चष्मा साखळीला. त्यांनी एक सपाट पेटी उघडली, पातळ कागद बाजूला केला आणि आमच्यापुढे ती उभी राहिली.

एवढीशी! शाळेच्या पाटीएवढी. माझ्या मनात ती आजवर माणसाएवढी होती. कागद मुळात निळा होता, रूथ म्हणाल्या, आता उन्हा-हवेनं खाकी झालाय. काळा खडू म्हणजे आपला फळ्याचा खडू नव्हे. तो एक मऊ काळा दगड असतो, तासून वापरतात. पेन्सिलीसारखा चकाकत नाही, मखमलीसारखा दिसतो. केसांच्या रेषा त्यानं एका दमात ओढलेल्या, मनगट न टेकवता. झग्याच्या चुण्या बोटानं पुसलेल्या, आणि खालच्या कोपऱ्यात खरोखर एका बोटाचा ठसा. मी खाली वाकले, तर माझा श्वास कागदाला लागू नये म्हणून रूथनी हलकेच खांद्याला हात लावला. डावं पाऊल त्याला जमलं नव्हतं. तीनदा काढलेलं, तिन्ही पावलं फिकट होऊन एकमेकांवर उभी. छापलेल्या पुस्तकात यातलं काहीही दिसत नव्हतं. एवढा मोठा चित्रकार आणि पाऊल चुकतो! मला त्याच्याबद्दल इतकी माया वाटली, की सातवीतल्या मुलीसारखं त्याच्या पाठीवर थापटावंसं वाटलं.

मग मी अश्रू शोधायला लागले.

अश्रू नव्हता. त्या जागी पांढऱ्या खडूचा एक लहानसा, आडवा, अगदी बेधडक फटकारा होता. गालावर पडलेला उजेड. उन्हात उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाच्या गालावर पडतो तसा. करड्या शाईत छापताना त्याचा ठिपका झाला असणार, आणि आम्ही नागपुरात तीन पिढ्या त्या ठिपक्यासाठी हळहळलो.

"आई, काय झालं?" प्रज्ञानं विचारलं.

"ही रडत नाहीये गं," मी म्हटलं. "हिला नुसतं ऊन लागतंय."

प्रज्ञा चित्राजवळ आली आणि बराच वेळ बघत राहिली.

इकडे शकुताईचा धीर सुटला. ती कुजबुजली, म्हणजे सगळ्या खोलीला ऐकू गेलं. "काऊन उभी आहे ही पाण्यात?"

"आत्या, वाट बघतीये."

"पाण्यात? काठावर बसून बघता येत नाही का वाट? न्यूमोनिया होईल." मग जरा निरखून, "हिच्या घरचे कुठं आहेत?"

"कवितेत घरचे नाहीत आत्या."

"म्हणजे मेले का कवीनं काढून टाकले? आणि हे काय नेसवलं तिला? पडदा आहे का हा? या थंडीत! एक शाल देता नाही आली त्या चित्रकाराले?"

प्रज्ञाच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. तिनं तोंडावर हात दाबला. रूथनी चष्म्यावरून पाहिलं. त्या शहाण्या बाईनं अगदी सभ्यपणे विचारलं, की पाहुण्या काय म्हणताहेत ते कळू शकेल का. प्रज्ञानं कसंबसं भाषांतर केलं. न्यूमोनिया, पडदा, शाल, सगळं. रूथ गंभीर चेहऱ्यानं ऐकत होत्या, फक्त त्यांच्या चष्म्याची साखळी थरथरत होती.

"कवितेचा शेवट सांगू का?" त्या म्हणाल्या. "तो नंतर परत येतो. तिच्या थडग्यापाशी बसून शोक करतो. सगळ्या कवितेत सर्वांत मोठा भाग त्याच्या शोकाचा आहे."

प्रज्ञानं हे शकुताईला सांगितलं. शकुताईनं मान डोलावली. "हो बाप्पा. जीव हिनं द्यायचा आणि भाषण त्यानं करायचं."

झालं. प्रज्ञाचा बांध फुटला. ती हसायला लागली, आणि ती हसते तेव्हा अंगभर हसते, बापासारखी. टेबल हललं. रूथनी विजेच्या चपळाईनं पेटी उचलली. दोनशे वर्षं जपलेली बाई आमच्या घराण्याच्या हसण्यानं फाटली असती, तर मी नागपूरला तोंड दाखवलं नसतं. "थोडी हवा खाऊन येता का?" रूथ म्हणाल्या; स्वतःही हसत होत्या. प्रज्ञा डोळे पुसत बाहेर पळाली आणि आम्ही, शकुताईची पर्स उचलून, तिच्या मागे.

मागच्या पायऱ्या

म्युझियमच्या मागे दगडी पायऱ्या होत्या, पानांनी भरलेल्या. प्रज्ञा तिथे बसून हसत होती. मग हसता हसता रडायला लागली. मी शेजारी बसले. शकुताई खालच्या पायरीवर, नाडी बघायला सोपं जावं म्हणून बसतात तशी.

"आई, त्यानं नाही मोडलं," प्रज्ञा म्हणाली. "मी मोडलं."

मी वळून तिच्याकडे बघितलं.

"मग महिनाभर सुतक कोणाचं पाळून राहिली होतीस?" शकुताईनं विचारलं.

"मी नुसतं 'मोडलं' म्हटलं, आत्या. सगळ्यांनी धरूनच घेतलं की त्यानं मोडलं. सुलभाकाकू तर फोन ठेवायच्या आत शिरा घेऊन आल्या. सगळे इतके चांगले वागत होते, यार! मुलीनं मोडलं म्हटलं असतं, तर आधी दहा प्रश्न आले असते. मग मी करेक्ट केलंच नाही."

"आणि का मोडलंस?" मी विचारलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा कडक आला.

तिनं एक पान उचललं आणि देठाशी फिरवत राहिली. "लग्नाची पत्रिका. त्याच्या घरच्यांना आडनावं नको होती. नुसतं प्रज्ञा आणि अनिरुद्ध. मी म्हटलं, ठीक आहे, मॉडर्न आहे. मग म्हणाले, बुद्धवंदना तुम्ही आदल्या दिवशी घरी करून घ्या, हॉलमध्ये नको. बाबासाहेबांचा फोटोही नको. त्याची आजी येणार होती पुण्याहून, तिला काही सांगितलेलं नव्हतं. अनिरुद्ध म्हणाला, फक्त एक दिवसाचा प्रश्न आहे, प्लीज. तो वाईट नाहीये, आई. त्याला खरंच वाटत होतं की एक दिवस म्हणजे काही नाही."

"मग?"

"मी म्हटलं, बाबांना काय सांगू? येताना आडनाव नागपूरला ठेवून या?"

आतून कुठूनतरी कॉलेजची मुलं गलका करत गेली. मला संताप आला होता. अनिरुद्धवर, त्याच्या घरच्यांवर, आणि खोटं कशाला बोलू, हिच्यावरही. एवढं मोठं ओझं एकटीनं उचललं आणि मला वाढायला दिला तो सुलभाकाकूंचा शिरा! आणि त्या संतापाच्या मागून असा काही अभिमान वर येत होता, की दोन्हींची सरमिसळ होऊन मला नुसतं तिचं कानशील धरून हलवावंसं वाटत होतं. मी धरलंही. हळूच.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं की बाबांना कळणार. बाबा सगळीकडे सांगत फिरले होते, पोरगा मोठ्या मनाचा आहे. त्यांना वाटू दे ना तो चंचल निघाला म्हणून. चंचल निघाला तर फक्त राग येतो. हे कळलं तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. ते पूर्ण करायची आम्हाला तिघींनाही गरज नव्हती.

शकुताईनं पर्समधून रुमाल काढून तिला दिला. "नाक शिंकर. आणि ऐक. तुझा बाप लहानपणी शाळेत मडक्याजवळ उभा राहिला म्हणून छडी खाऊन आला होता. त्याले काय काय पचवता येते, ते मला माहीत आहे. तू त्याले काचेचा समजू नको."

त्या दिवशी आम्ही परत आत गेलो. रूथनी पेटी पुन्हा उघडून दिली आणि मी पेन्सिलीनं चित्राची नक्कल करत बसले. नीट नाही आली.

तळं

निघायच्या दिवशी सकाळी बार्बराबाईंच्या घरामागच्या तळ्यावर गेलो. पाण्यावर धुकं, काठाला लव्हाळं, पलीकडे पेटलेला डोंगर. प्रज्ञा फोन हातात घेऊन एका ओंडक्यावर बसली होती. नागपुरात तेव्हा संध्याकाळ, चहाची वेळ.

"लावते," म्हणाली. पण लावेना.

तेवढ्यात शकुताईनं चपला काढल्या, पांढरी साडी पोटरीपर्यंत वर खोचली आणि सरळ पाण्यात शिरली. तिच्या मते गुडघेदुखीला थंड पाणी चांगलं. धुक्यात, पांढऱ्या साडीत, पिकलेले केस मोकळे सोडून ती तळ्यात उभी राहिली. पलीकडच्या वाटेनं एक माणूस कुत्रं फिरवायला चालला होता. त्यानं पाहिलं आणि कुत्र्यासकट धावत सुटला. "मॅम! मॅम! डोंट!" असं काहीतरी ओरडत बुटांसकट गुडघाभर पाण्यात आला.

शकुताईनं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "फॉर नीज," ती म्हणाली, आणि त्याचं बखोट धरून त्यालाच बाहेर काढलं. बिचाऱ्याचे बूट भरले होते. कुत्रं मात्र खूष होतं.

प्रज्ञा ओंडक्यावर वाकून हसत होती. त्या हसण्याच्या ओघातच तिनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हां, बोल बेटा," बाबांचा आवाज आला.

तिनं सगळं सांगितलं. पत्रिका, हॉल, फोटो, आजी, एक दिवस. मधे थांबली नाही. मी माझाच हात घट्ट धरून उभी होते.

"मला माहीत आहे," बाबा म्हणाले.

"काय?"

"अनिरुद्धचा फोन आला होता. पंधरवडा झाला असेल. रडत होता. सगळं त्यानंच सांगितलं, माफी मागितली. मी म्हटलं, फोन केलास हे चांगलं केलंस. आता तुझ्या आजीलाही फोन कर."

"केला का त्यानं?"

"ते त्याचं तो बघेल."

"बाबा, मग तुम्ही मला का नाही बोललात?"

"तू मला सांगितलं नव्हतंस ना. म्हटलं, पोरीला वाटतंय बापाला कळू नये, तर बापानं कशाला कळून घ्यावं?" आणि मग घसा खाकरून, "लय त्रास झाला का गं तुला?"

"हो," प्रज्ञा म्हणाली. ओठ दाबून धरले होते तिनं.

"मला पण झाला. पण एक सांग मला. तू त्याला नाही म्हणालीस, तेव्हा कशी म्हणालीस? जोरात?"

"नाही बाबा. हळूच. लोक होते रेस्टॉरंटमध्ये."

"हात्तिच्या! एवढं चांगलं नाही, ते हळूच म्हणालीस?"

"मग पुन्हा म्हण की," शकुताई साडी पिळत म्हणाली. "इथं कोण आहे ऐकायले?"

प्रज्ञा उठली. ओंडक्यावर चढली, तळ्याकडे तोंड केलं आणि सगळा श्वास ओढून ओरडली, "नाही!"

लव्हाळ्यातली बदकं फडफडत उठली. कुत्रं भुंकलं. ओल्या बुटांचा माणूस, जो एव्हाना बराच लांब गेला होता, पुन्हा वळून बघायला लागला. डोंगरावरून ते 'नाही' जरा उशिरानं, पण पुरतं परत आलं.

फोनमधून बाबांचं हसू ऐकू आलं. प्रज्ञासारखंच, अंगभर.

"हां," ते म्हणाले, "आता आलं नागपुरात ऐकू."